फादर इनासला द्यायचं राहिलेलं उत्तर

फादर, आपण दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते वाल सोलायचं. माझ्या ओटीवर बसलो होतो. ऊन उतरलं होतं, समोरच्या गोडाऊनची सावली अंगणात आली होती. तू त्या निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मी पायरीवर, मधे पातेलं. मोड आलेला वाल कोमट पाण्यातून उचलायचा, दोन बोटांत धरून दाबायचा, डाळिंबी ताटात, साल बाजूला. माझी चांगुणा असती तर तिनं बोलता बोलता पातेलं रिकामं केलं असतं. आपण बिनबायकांचे दोघं, आपल्याला अख्खी दुपार पुरत नाही. तुझी डाळिंबी नेहमीसारखी सटकून भिंतीवर गेली.

मी म्हणालो, "एवढा दाबतोस कशाला? गोटी हाय का ती?"

तू म्हणालास, "बुधा, तुझ्या भिंतीलाही थोडं बिरडं मिळू दे."

मग आपलं भांडण निघालं. ते रोजच निघायचं. फादर लोकांना लगीन करू द्यावं का नाही. मी म्हणायचो द्यावं, तू म्हणायचास, "मला कशाला देताय, माझं झालंय चर्चशी." आणि मी म्हणायचो, "तुझं झालंय तर बायको दाखव." इथपर्यंत आलो की तू चहा मागायचास. पण त्या दिवशी मी चहाला उठलो नाही, पुढं बोललो. म्हणालो, "आज तू असाच गेलास ना, तर आमची नामी वहिनी तुझं रुईशी लगीन लावल, ध्यानात ठेव."

तुला ते माहीत होतं. आमच्यात लगीन न झालेला पुरुष गेला की उचलायच्या आधी त्याला रुईची माळ घालतात, रुईच्या झाडाशी त्याचं लगीन लावतात. नाहीतर तो मागं राहतो. सुटत नाही, घराभोवती फिरत राहतो. वरच्या आळीतला पोरगा ट्रेलरखाली गेला तेव्हा तू तिथं उभा राहून सगळं बघितलं होतंस.

तू हसलास. म्हणालास, "लावा की. कोवळी बघा, जास्त चीक नको." मग हातातला वाल तसाच धरून माझ्याकडे बघितलंस. "पण आधी तू ठरव, बुधा. मी बिनलग्नाचा आहे असं तू इतकी वर्षं म्हणतोस. मग तुझ्या रीतीनं रुई लावावीच लागेल. आणि लावली नाहीस, तर कबूल कर की माझं लग्न झालेलं आहे. दोन्हीकडून बोलायचं नाही."

लूमवर जन्म काढलेला माणूस मी, धागा तुटला की मशीन थांबवून बघायची सवय. म्हणालो, "उद्या सांगतो."

"उरलेले वालही उद्याच मग," असं म्हणून तू गुडघ्यावर हात टेकून उठलास. रस्ता ओलांडलास. मिशनच्या फाटकाची कडी वाजली.

सकाळी तू उठलाच नाहीस.

*

वसईच्या तरुण फादरनं सांगितलं, बाबा, चार ओळी लिहून द्या, आम्ही फादरांच्या आठवणींची पुस्तिका काढतोय. तुझा जन्म, तुझं शिकणं, कुठंकुठं होतास ते सगळं त्यांनी लिहिलंच असेल. मला त्यातलं काही माहीत नाही. माझी शाळा लवकर सुटली. मला तू माहीत आहेस, तेवढंच लिहितो. आणि लोकांना कशाला लिहू, तुलाच लिहितो. वाचायचं त्यांनी वाचावं.

आधी हे सांगतो की तुझ्या फाटकाची कडी अजून वाजते.

लूमच्या खडखडाटात माझे कान गेले, हे तुला ठाऊक आहे. शेजारचा टीव्ही मला ऐकू येत नाही. सुनेचा फोन आला तर ती दोनदा ओरडते. पण ऊन उतरलं की ती कडी ऐकू येते. तू यायचास तीच वेळ. मी मान वर करतो. फाटक बंद असतं, कुलूप तसंच असतं; वसतिगृह कधीच बंद झालं, शेवटी तिथं तू एकटाच होतास. आपलं कुत्रं, ज्याला तू बिस्किटं घालून बिघडवलंस, ते उठून रस्त्यापर्यंत जातं, उभं राहतं, शेपूट हलवतं आणि परत येऊन खुर्चीखाली बसतं. तुझ्या खुर्चीखाली. ती खुर्ची मी उचललेली नाही. परवा त्यावर सोलापूरचा एक भाडेकरू बसायला गेला, तर माझ्या तोंडून शिवी गेली. माणूस घाबरून उभाच राहिला.

नामी वहिनीनं कुत्र्याला बघितलं. माझ्या मोठ्या भावाची बायको ती, आता घरात तेवढीच वडीलधारी. म्हणाली, "बग. मी सांगितला होता. फिरतोय तो. तुज्यामुलं फिरतोय."

मी म्हणालो, "फिरू दे. रस्ता वलखीचा हाय."

म्हणालो खरं, पण रोज त्या वेळेला मला भीती वाटते. तुझी भीती नाही रे. भूत झालास तरी तू काय करणार, वाल भिंतीवर उडवणार. मला भीती आहे ती त्या सकाळी मी जे केलं त्याची. ते बरोबर होतं का चूक, एवढं एकदा कळायला पाहिजे. आणि ज्याला विचारायचं तोच पलीकडं.

*

तू इथं आलास तेव्हा आम्ही तुला हसलो होतो. वाडीतल्या आदिवासी पोरांचं वसतिगृह चालवायला वसईचा माणूस आला, आणि पहिल्याच आठवड्यात स्कूटर भाताच्या खाचरात घातलीस. मी आणि भावानं ती चिखलातून ओढून काढली. चांगुणा बांधावर उभी राहून हसत होती. तू चिखलातूनच तिला नमस्कार केलास. ती म्हणाली, "आधी तोंड धू."

चांगुणा धवलारीण होती. तुझ्या पुस्तिकेच्या लोकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आमच्यात लगीन बाई लावते. मांडवात बसून धवले गाते, देवांना बोलावते, पूर्वजांना बोलावते, हळदीपासून अखेरपर्यंत तिच्या गळ्यावर लगीन चालतं. ती म्हणेल झालं, तेव्हा झालं. दिघाशीपासून खारबावपर्यंत तिला बोलावणं यायचं. बैलगाडीतून गेली, मग टेम्पोतून गेली, शेवटी गोडाऊनवाल्यांच्या एसी गाडीतून गेली. तू पहिल्यांदा तिला मांडवात ऐकलंस आणि परत येताना मला म्हणालास, "बुधा, तुझी बायको म्हणजे फादरच आहे की."

तिथंच तू फसलास. मी तुला मग सोडलंच नाही. ही फादर, हिला नवरा आहे, दोन पोरं आहेत, चूल आहे. हिनं लावलेली लग्नं मोडली का? देवानं हिचं ऐकायचं सोडलं का? मग तुझ्याच देवाला काय अडचण?

तू म्हणायचास, "आणि लग्नसराईत तुझं काय व्हायचं, ते सांग की."

ते मीच तुला कधीतरी सांगून बसलो होतो. लग्नसराईत चांगुणा माझी नसायची. शेलारच्या कारखान्यातून रात्रपाळी करून यायचो तर चूल थंड. पोरं शेजारी. ती यायची तेव्हा घसा बसलेला, चार दिवस खुणेनं बोलायची. लोकांना सगळं गाणं, मला खुणा. मी भांडी आपटायचो. तू हे धरून ठेवलंस. "बघ. ज्याचं माणूस सगळ्यांचं असतं, त्याच्या घरच्याला किती मिळतं? मी कुणाला असं का ठेवू?"

मी म्हणायचो, "पण ती घरी यायची ना. मी शिव्या द्यायचो, हळदीचं दूधपण मीच द्यायचो. तुला कोण देतं?"

"अख्खी वाडी देते. तुझं एक घर, माझी तीस."

"तो पाहुणचार झाला. पाहुण्याला कोण शिव्या देत न्हाय. तुला इतक्या वर्षांत घरचं म्हणून कुणी शिव्या दिल्या?"

"तू देतोस की," तू म्हणालास. त्यावर मी तुला अजून एक शिवी दिली.

पुराचं तू एकदाच काढलंस, आणि तेव्हा मी जिंकलो होतो. पाणी वाडीत शिरलं त्या सकाळी तू दोर घेऊन गेलास, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन आणलंस. नंतर मला म्हणालास, "घरी बायकापोरं असती तर माझा पाय उचलला असता का? म्हणून आम्ही असे." मी म्हणालो, "दोराचं दुसरं टोक कुणी धरलं होतं, फादर? मला दोन पोरं होती. चांगुणा बांधावरून बोंबलत होती." तू म्हणालास, "हे मात्र खरं आहे." तुझं हेच मला आवडायचं. हरलास की हरलो म्हणायचास. तुझ्या लोकांतले काही तसं म्हणत नाहीत, ते फक्त हसतात.

आणि ती पीटरची सासू. तू पोरांना गोष्ट सांगत होतास, मी वसतिगृहाच्या पायरीवर बसून ऐकत होतो. येशू पीटरच्या घरी गेला, पीटरची सासू तापानं पडली होती, त्यानं हात धरला, ती उठली. मी तिथूनच ओरडलो, "सासू हाय म्हंजे बायको असणारच! तुमचा पहिला फादरच लगीन झालेला!" पोरं हसली. तू इतका हसलास की ठसका लागला. संध्याकाळी तूच सांगितलंस की बुधा, तू म्हणतोस ते चूक नाही. हा नियम देवाचा नाही, चर्चचा आहे, नंतर केलेला आहे. दुसऱ्या देशांत आमच्यातच काही ठिकाणी लग्न झालेले फादर आहेत. उद्या बदलूही शकतो.

"मग बदला की."

"बदलला तरी माझ्यासाठी नाही. मी हात पुढं केले तेव्हा मला माहीत होतं मी काय देतोय."

"देताना तुझं वय काय होतं?"

तू चहा मागितलास. त्या वयात मी काय करत होतो हे मला आठवतं. मी चांगुणाच्या गावच्या जत्रेत उगाच चकरा मारत होतो.

*

एकदा तू मेला असतास. सुट्टी होती, पोरं घरी गेलेली. तुला हिवताप चढला आणि तू आतून कडी लावून पडलास. दोन दिवस कुणाला पत्ता नाही. चांगुणाच म्हणाली, "फादराचा दिवा लागला न्हाय." ती गेली, दार ठोकलं, मग लाथा घातल्या. तू कसाबसा सरपटत येऊन उघडलंस. तिनं तुझं डोकं मांडीवर घेतलं, पेज पाजली आणि तोंडाचा पट्टा सोडला. "बायको न्हाय तर कडी कशाला लावतोस मेल्या? बायको असली तर मानसानं कडी लावावी! एकट्यानं दार उगडं ठेवावं!"

त्या दिवसापासून तू आतली कडी लावली नाहीस. म्हणूनच त्या सकाळी मला दार ढकलता आलं. चांगुणा जाऊन इतकी वर्षं झाली, पण ते दार तिनंच उघडं ठेवलं होतं.

त्या तापात तू बडबडलास, हे मी एका चांगुणाशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. तू एक नाव घेत होतास. बाईचं. बरा झाल्यावर मी सरळ विचारलं. मला आडून येत नाही. "कोण होती?" तू खिडकीकडे बघत म्हणालास, "होती. चर्चमध्ये तिच्या लग्नाचा मिसा मीच केला." मी म्हणालो, "आणि काय वाटलं?" तू म्हणालास, "तिनं हाताला अत्तर लावलं होतं. मिसा संपेपर्यंत वास येत होता." बस. पुन्हा कधी तू ते काढलं नाहीस, मी पण नाही. चांगुणाला सांगितलं तर ती सुपातले तांदूळ निवडत होती, ती म्हणाली, "मी कितीजनींची लग्ना लावली, ज्या मांडवात दुसऱ्याला शोधीत होत्या. धवले गाताना दिसता सगला. गात ऱ्हायचा."

तुझ्या मातीला वसईला आलो तेव्हा मी तिला शोधत होतो. तुझ्या गावच्या म्हाताऱ्या बाया लाल लुगडी नेसून, काठ्या टेकत आल्या होत्या. मी एकेकीचं तोंड बघितलं. मला कुणीच ती वाटेना आणि मग सगळ्याच वाटायला लागल्या.

माणसं पुष्कळ होती. पांढऱ्या झग्यातले फादर रांगेनं उभे, गाणी सुरेख म्हणाले, फुलं इतकी की पेटी दिसेना. तुझ्याबद्दल सगळे चांगलं बोलले. पण फादर, घरात मयत झालं की घर कसं होतं ते तू आमच्याकडे बघितलं आहेस. कुणी भिंतीला डोकं लावतं, कुणी मेलेल्यावर रागावतं, आता मी कुणाच्या तोंडाकडं बघू असं ओरडतं. तिथं तुझ्यावर कुणी रागावलं नाही. एका बाईनं मला खुर्ची दिली आणि कानाशी येऊन विचारलं, "तुम्ही फादरांचे कोण?"

मी विचार केला. भाऊ म्हणू, तर धर्म वेगळा. दोस्त म्हणू, तर पोरांसारखं वाटलं. म्हणालो, "समोरचा."

तिला वाटलं समोरच्या गल्लीतला.

*

आता ती सकाळ सांगतो. पण त्याच्या आधी चांगुणाचा निकाल सांगावा लागेल, कारण तो तू विसरला नसशील, पण माझ्या मनातून गेला होता.

ती आजारी पडायच्या आधीची गोष्ट. असेच वाल सोलत होतो, तिघं. तू फादर झालास तेव्हाच्या पहिल्या मिसाचं सांगत होतास. गावात मांडव घातला होता, बँड लावला होता, जेवणावळ होती. त्याच्या आधी मोठ्या चर्चमध्ये तू पालथा झोपलास, फरशी गार होती, सगळे तुझ्यासाठी संतांची नावं घेत होते. मग बिशपनं तुझ्या तळहातांना तेल लावलं आणि दोन्ही हात पांढऱ्या फडक्यानं बांधले. ते फडकं नंतर आईला दिलं. तुझी आई गेली तेव्हा ते तिच्या हातात ठेवून तिला पुरलं, कारण वर गेल्यावर ती दाखवणार की मी एका फादरची आई.

चांगुणा सोलायची थांबली. धवलारीण झाली की तिचा आवाज बदलायचा, तसा बदलला.

"मांडव व्हता?"

"होता."

"त्याल लावला?"

"लावलं."

"देवांना बोलावला? पूर्वजांना बोलावला?"

"नावं घेऊन घेऊन बोलावलं."

"हात बांदले?"

"बांधले."

"आई रडली?"

"रडली."

"मंग झाला लगीन," ती म्हणाली. "आता रोज उठून भांडू नका माज्या ओटीवर."

मी म्हणालो, "अगं पण नवरी?"

"नवरी तुला दिसली पायजे असा कुठं हाय? लगीन मी लावतं का तू लावतोस?" आणि मग तुझ्याकडे वळून म्हणाली, "फादर, तुज्या एका गोष्टीचा मना बरा वाटतं. सासू न्हाय तुज्या घरात."

तू खुर्चीतून पडायचा राहिलास हसता हसता. मी मात्र मानलं नाही. ती गेल्यावरही मानलं नाही. तुला रोज म्हणत राहिलो, बायको दाखव.

*

त्या सकाळी मी उत्तर द्यायलाच येत होतो. उत्तर तयार नव्हतं, पण पातेलं घेऊन निघालो होतो. फाटक उघडलं. दार ढकललं. तू कुशीवर होतास, एक हात गालाखाली, लहान पोरासारखा. मी हाक मारली. मग हात लावला. मग पातेलं खाली ठेवलं.

वसईला फोन केला. ते म्हणाले गाडी निघते आहे, तोवर कुणीतरी फादरजवळ थांबा. मी थांबलो. तुझी मान सरळ केली, डोळे नीट मिटले, पांघरूण काढून अंगावर एक पांढरी चादर घातली.

नामी वहिनी आली ती हातात माळ घेऊनच. गोडाऊनच्या कंपाउंडला रुई माजली आहे, तिथून तोडून तिनं रस्त्यातच गुंफली होती. बोटांना चीक लागलेला. डोळे लाल. तू तिच्या नातवाला शाळेत घातलंस, ती तुझ्यासाठी खरंच रडत होती. म्हणाली, "बुदा, गाडी यायच्या आदी उरकून घे. त्यांना आपला काय कलनार. असाच नेला तर पोर सुटनार न्हाय रं." तुला पोर म्हणाली. तू सत्तरी ओलांडलेला.

माळ माझ्या हातात दिली. जड होती, दव होतं अजून त्यावर. मी तुझ्या उशाशी उभा राहिलो.

फादर, मी खरंच घालणार होतो. इतकी वर्षं मी म्हटलं तू बिनलग्नाचा, मग दुसरं काय करणार? मला तू सुटायला हवा होतास. नियमाचं काय ते तुझे लोक बघतील, मला तुला मागं अडकलेला नको होता. मी वाकलो. आणि तुझे हात बघितले. पोटावर ठेवले होते मीच. कालच्या वालाचं एक साल तुझ्या नखाखाली अडकलेलं होतं.

ते बघून मला चांगुणाचा आवाज आला. आठवला म्हणत नाही, आला. हात बांदले?

मी माळ खिडकीत ठेवली आणि घरी गेलो. वहिनी मागून हाका मारत होती. चांगुणाच्या ट्रंकेत तिचं ते फडकं आहे, ज्यात ती लग्नाला तांदूळ बांधून न्यायची. कितीही धुतलं तरी हळद जात नाही त्याची. ते आणलं. तुझ्या फळीवरची खोबरेल तेलाची बाटली घेतली. नखाखालचं साल काढलं. तळहातांना तेल लावलं, आधी उजव्या, मग डाव्या. तुझे हात थंड होते, तेल थिजत होतं, मी चोळत राहिलो. मग दोन्ही हात जवळ घेऊन त्या फडक्यानं बांधले. धवला मला येत नाही, पुरुष म्हणत नाहीत. मी नुसता उभा राहिलो.

वहिनी दारात आली. "ह्ये काय? माल कुठं?"

म्हणालो, "लगीन झालेल्याचं परत लगीन लावत न्हायत."

"कुनी लावला त्याचा लगीन?"

"आधी त्याच्या आईनं. मंग चांगुणानं सांगितलं झालं म्हणून. माझ्या समोर सांगितलं."

धवलारणीनं झालं म्हटलेलं मोडायचं, हे वहिनीच्यानं होईना. पण तिला पटलंही नाही. "फिरला तर तुज्या डोक्यावर," म्हणाली आणि पायरीवर बसून रडली.

गाडी आली. तरुण फादर आत आला, गुडघे टेकले. उठताना त्यानं हळदीचं फडकं बघितलं. "बाबा, हे कुणी?" मी म्हणालो, मी. वाटलं सोडायला लावेल. त्यानं एकदा स्वतःचे तळहात बघितले. म्हणाला, "हे आईला द्यायचं असतं." मी म्हणालो, "ती आधीच गेली. राहू दे त्याच्यापाशीच." त्यानं ते राहू दिलं.

एवढं वाचून तू म्हणशील, बुधा हरला. तर ऐक. तुझं लगीन झालेलं होतं, हे मी मानलं. तुझ्या हातात बांधून मानलं. पण बायको नव्हती हेही खरं आहे, आणि तापात दोन दिवस तू दाराआड एकटा होतास हेही खरं. तुला न्यायला आलेला हा तरुण फादर, हात बघणारा, त्याला कुणी हवी असेल तर करू द्यावं. नको असेल तर नको. हे मी तुझ्या पुस्तिकेत लिहितो आहे, छापायचं तर छापा. आणि ती कडी वाजते ती का वाजते, हे मला कळत नाही. सुटला असशील तर कशाला येतोस? आणि अडकला असशील तर एवढं शांतपणे का वाजवतोस? कुत्रं तर शेपूट हलवतं.

त्या सकाळी आत ते प्रार्थना म्हणत होते, कागदपत्रं करत होते, डॉक्टरची वाट बघत होते. मला तिथं काम नव्हतं. मी पातेलं उचललं आणि तुझ्या पायरीवर, नामी वहिनीच्या शेजारी बसलो. वालांचे मोड रात्रीतून लांब झाले होते. पाणी गार पडलं होतं, साल निघत नव्हतं. तरी सोलले. गाडीचं दार लावल्याचा आवाज येईपर्यंत सोलत होतो. माझ्या वाटचे झाले, मग तुझ्या वाटचे.

एकही भिंतीवर गेला नाही.